ब्लूबेरी पॅनकेक आणि चार बायका



ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना सुट्टीत आलेल्या नातवंडांची फर्माईश ठाऊक असेल : "आजी, नाश्त्याला ब्लूबेरी पॅनकेक कर ना!" आपल्याकडे लगेच प्रश्न येतो अंड्याचा. अंड्याशिवाय पॅनकेक होतो आणि छान जाळीदार होतो. कृती खाली देतेच. पण या पदार्थाचा इतिहास वाचताना मला चार बायका भेटल्या. आधी त्यांची ओळख करून देते.

पहिली अमेलिया सिमन्स. अमेरिकी लेखिकेचं पहिलं पाककृतींचं पुस्तक तिने १७९६ साली छापलं आणि मुखपृष्ठावर स्वतःची ओळख 'एक अमेरिकी अनाथ' एवढीच दिली. त्यात मक्याचं पीठ, दूध आणि अंडी घालून केलेलं धिरडं आहे. लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार घालून पीठ फुगवायची युक्तीही त्याच पुस्तकात आहे. पापडखार वापरणाऱ्या आपल्याला त्याचं नवल वाटणार नाही.

दुसरी एलिझाबेथ बर्ड, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. तिला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिचा नवरा आल्फ्रेड बर्ड औषधविक्रेता होता. त्याने १८३७ साली तिच्यासाठी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली आणि १८४३ साली यीस्टऐवजी वापरायची बेकिंग पावडर. आम्ल आणि सोडा ओले झाले की वायू सुटतो आणि पीठ फुलतं. ताकात सोडा घातल्यावर होतं तेच हे. बिनअंड्याचं म्हणजे कमी प्रतीचं, असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट जरूर सांगा.

तिसरी नॅन्सी ग्रीन. केंटकी राज्यात गुलामगिरीत जन्मलेली, पुढे शिकागोत स्वयंपाकीण म्हणून राबलेली. १८८९ साली पॅनकेकचं तयार पीठ निघालं होतं. त्याच्या जाहिरातीसाठी १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तिला उभं केलं. 'आंट जेमायमा' या काल्पनिक नावाने ती लोकांसमोर पॅनकेक करून वाढत असे. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच शहरात, सर्वधर्मपरिषदेत आपले वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माची बाजू मांडत होते. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. नॅन्सीबाईंचं खरं नाव मात्र गिऱ्हाइकांना कळलंच नाही. १९२३ साली त्या वारल्या. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो थेट २०२० साली. पिठावरचं ते जुनं नावही २०२१ मध्ये काढून टाकलं गेलं.

चौथी एलिझाबेथ व्हाइट, न्यू जर्सीची. वडिलांचा क्रॅनबेरीचा मळा होता. क्रॅनबेरी शरद ऋतूत निघते, ब्लूबेरी त्याआधी उन्हाळ्यात. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे हा हिशोब मला लगेच पटला : तीच जमीन, तेच मजूर आणि रिकाम्या महिन्यांत दुसरं उत्पन्न! पण ब्लूबेरी तोवर रानातून वेचून आणायचं फळ होतं. शेतात लावलेली झुडपं मरत. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली कारण छापलं : या झाडाला आम्लधर्मी माती लागते. ते वाचून एलिझाबेथने १९११ साली त्याच्याशी हातमिळवणी केली. रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या गावकऱ्यांना तिने भोक पाडलेलं माप दिलं. पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर जाडीचं फळ देणारं झुडूप शोधेल, त्याला पैसे मिळत आणि झुडपाला त्याचं नाव. रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेलं झुडूप 'रुबेल' म्हणून आजही लावलं जातं. १९१६ साली शेतातली पहिली ब्लूबेरी बाजारात गेली.

आता कृती. एक वाटी चाळलेली कणीक, एक वाटी ताजं आंबटसर ताक, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ, एक चमचा पातळ तूप. सगळं हलक्या हाताने कालवा. फेटू नका, नाहीतर पॅनकेक चिवट होतात. शेवटी पाव चमचा खायचा सोडा घाला आणि लगेच मंद तव्यावर पळीने जाडसर घाला. ब्लूबेरी एकेक फोडून, पाहून घ्या आणि तव्यावरच्या पिठात वरून पेरा. पिठात आधी कालवल्या तर सोड्याने त्यांचा रंग हिरवट होतो. वर बुडबुडे फुटले की उलटा. ज्यांच्या घरी बहुबीज वर्ज्य आहे, त्यांनी ब्लूबेरीऐवजी आंब्याच्या फोडी घ्याव्यात.

एक विनंती. आपल्या कृतींच्या वहीत 'खाकरा', 'पापड', 'लोणचं' एवढंच लिहिलेलं असतं. ते कुणी शिकवलं, हे लिहिलेलं नसतं. रानात फिरून झुडूप शोधणाऱ्याचं नाव शंभर वर्षं टिकलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आज वही काढा आणि प्रत्येक कृतीपुढे सासूबाई, आत्या, शेजारीण, जिने शिकवलं तिचं पूर्ण नाव लिहा. शक्य असेल तर गाव आणि सालही.