यंत्राची अक्षरं कोण ठरवतं?

ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळावरून हवाई दलाची लढाऊ विमानं आणि नागरी प्रवासी विमानं दोन्ही उडतात. फ्रान्सकडून घेतलेली मिराज २००० विमानं १९८५ साली इथे आली आणि त्यांचं ठाणं इथेच झालं. हवाई दलाने त्यांना ‘वज्र’ असं नाव दिलं. दलाच्या दप्तरी एकआसनी विमान मिराज २०००एच आणि दोनआसनी २०००टीएच. पुढे नूतनीकरण झालेली २०००आय आणि २०००टीआय. विमानप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मात्र या चारही प्रकारांना मिळून एकच संकेत आहे, एमआयआर२. उलट एटीआर ७२ या टर्बोप्रॉप प्रवासी विमानाच्या आवृत्त्यांना त्याच यादीत वेगवेगळे संकेत आहेत: २०० मालिकेला एटी७२, ५००ला एटी७५, ६००ला एटी७६. लढाऊ विमानाचे चार प्रकार एका नावात बसवायचे आणि साध्या प्रवासी विमानाचे भाग पाडायचे, हे वरवर पाहता उफराटं वाटतं. माझ्या मते त्यात एक नीट तर्क आहे. संकेत यंत्राच्या पूर्ण नावाचा संक्षेप म्हणून जन्मत नाही. तो वापरणाऱ्याला कामाच्या घडीला कोणता फरक कळलाच पाहिजे, यावर तो ठरतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर शहराला हा तर्क विमानाच्या कितीतरी आधी रेल्वेने दाखवला होता. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेल्या या शहराला माधवराव शिंद्यांच्या काळात दोन फुटी रुळांची, म्हणजे ६१० मिलिमीटर गेजची, रेल्वे मिळाली. १८९९ मध्ये ती रीतसर सुरू झाली, १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोचली, आणि ग्वाल्हेर ते श्योपूर ही सुमारे २०० किलोमीटरची वाट जगातल्या लांब दोन फुटी मार्गांपैकी एक ठरली. संस्थानाची रेल्वे संस्थानापुरती होती तोवर इंजिनाला क्रमांक पुरत असे. शेडमधल्या माणसाला प्रत्येक इंजिन माहीत होतं. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि प्रश्न बदलला. आता दूरच्या कचेरीत बसलेल्या, इंजिन कधी न पाहिलेल्या माणसाला त्याचे सुटे भाग धाडायचे होते. या मार्गावर पुढे चाललेलं डिझेल इंजिन घ्या: चित्तरंजनच्या कारखान्यात १९८७ मध्ये बनलेलं एनडीएम-५. एन म्हणजे दोन फुटी अरुंद मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं, आणि ५ हा मालिकेतला क्रम. माथेरानच्या गाडीचं जुनं जर्मन डिझेल इंजिन एनडीएम-१, कारण तिथले रूळही दोन फुटी. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची डिझेल इंजिनं मात्र झेडडीएम, कारण तो मार्ग ७६२ मिलिमीटरचा. दोन्हींना लोक छोटी गाडी म्हणत, पण एकीचं इंजिन दुसरीच्या रुळावर उभंही राहू शकत नाही. म्हणून गेजचं अक्षर सगळ्यांत आधी येतं. बनवणाऱ्याचं नाव, संस्थानाचं नाव, रंग, यांना या संकेतात जागाच नाही. आणि गरज बदलली की संकेताचा अर्थही बदलतो. मोठ्या रुळांवरच्या डब्ल्यूडीएम-२ मधला २ हा निव्वळ क्रम होता, तर नव्या पद्धतीच्या डब्ल्यूडीएम-३ए मध्ये ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वरचे शंभर. गाड्या लांब आणि जड झाल्यावर कोणतं इंजिन किती ओढेल, हे नावातच दिसणं अधिक मोलाचं ठरलं.

विमानांच्या यादीतही हेच झालं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची ८६४३ क्रमांकाची यादी प्रत्येक प्रकाराला जास्तीत जास्त चार अक्षर-आकडे देते. उड्डाणाचा आराखडा भरताना नवव्या रकान्यात तो संकेत आणि त्याच्यापुढे विमान हलकं, मध्यम की जड, हे एका अक्षरात लिहावं लागतं. संकेत नसलेलं विमान असेल तर तिथे झेडझेडझेडझेड लिहून प्रकार अठराव्या रकान्यात शब्दांत कळवायचा. हा रकाना वाचणाऱ्या नियंत्रकाला काय हवं? विमान किती वेगाने चढेल, किती वेगाने उतरेल, मागे हवेत किती भोवरे सोडेल, म्हणजे मागच्या विमानाला किती अंतर ठेवायचं. मिराजमध्ये वैमानिक एक की दोन, त्याचं रडार जुनं की नवं, याने ते अंतर बदलत नाही. युद्धखात्याला जो फरक जिवाचा, तो मनोऱ्यातल्या माणसाला निरुपयोगी. एटीआरच्या ५०० मालिकेत मात्र पंखा चार पात्यांऐवजी सहा पात्यांचा झाला, इंजिनही बदललं. तो फरक उड्डाणात दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा की संकेत शेवटी कंपनीच्या नावातूनच तर येतात. खरं आहे, अक्षरं तिथूनच घेतात. पण काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे कंपनी ठरवत नाही. बोइंग आपल्या विमानाच्या नावात ग्राहकाचा आकडा घालत असे. एअर इंडियाचा ३७. म्हणून त्यांचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो ७४७-२३७बी होतं. नियंत्रकाच्या यादीत ते सरळ बी७४२, जगातल्या इतर कोणत्याही २०० मालिकेच्या जम्बोसारखं. विकत कोणी घेतलं याने हवेत काही बदलत नाही. ७३७ मॅक्स ८चा संकेत बी३८एम असा तुटका का, तर बी७३८ आधीच्या ७३७-८००ने अडवला होता आणि दोन्हींची गल्लत चालणार नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकाच विमानाला निरनिराळ्या संस्था निरनिराळे संकेत देतात, मग पद्धत कसली? विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात ७३७-८०० हे ७३८ असतं आणि पंखांची टोकं वर वळलेली असली की ७३एच; नियंत्रकाला दोन्ही बी७३८. मला यात गोंधळ दिसत नाही. वेगळं काम, वेगळा वाचक, म्हणून वेगळी वाटणी. माझं म्हणणं याने पक्कंच होतं. हे मात्र मान्य केलं पाहिजे की नियम सगळीकडे सारखा काटेकोर नाही. एटी७५ आणि एटी७६ यांतला मोठा बदल कॉकपिटमधला आहे, आणि तिथे यादी कंपनीच्या क्रमांकामागे थोडी ओढली गेली आहे असं म्हणायला जागा आहे. पण अपवाद सापडतो तो नियमाशी ताडून पाहिल्यावरच.

तिसरी तक्रार भावनेची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. ‘वज्र’ हे नाव यादीत नाही, शिंद्यांच्या रेल्वेचं नाव इंजिनाच्या संकेतात नाही. मग इतिहास पुसला नाही का गेला? नावं मानासाठी असतात आणि ती लोकांच्या तोंडी टिकतात. ‘वज्र’ टिकलं आहेच. संकेत जपतो ती दुसरीच गोष्ट: त्या काळच्या कामगाराला, कारकुनाला, नियंत्रकाला काय ओळखावं लागत होतं. ती माहिती बखरीत सापडत नाही, राजवाड्याच्या संग्रहालयातही नाही. आणि तीच सर्वांत आधी हरवते, कारण ज्याला ती रोज लागत होती तो निवृत्त झाला की अक्षरांचा अर्थ सांगणारं कोणी उरत नाही.

ग्वाल्हेर-श्योपूर छोटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली आणि त्या वाटेवर आता मोठ्या रुळांचं काम चालू आहे. तिथलं एखादं इंजिन जतन करून मांडलं जाईल तेव्हा फलकावर महाराजांचं नाव आणि उद्घाटनाची तारीख असेलच. त्याखाली एनडीएम-५ हा संकेत आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थही लिहावा. तो सांगू शकणारी माणसं लष्करमध्ये आणि ग्वाल्हेरच्या रेल्वे वसाहतींत अजून आहेत. त्यांना आत्ताच विचारून घ्यावं.