पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. वऱ्हाडातल्या पातूरच्या माणसाचा हा कागद अकोल्याच्या आरटीओत जातो. त्यात डॉक्टरांना एक प्रश्न आहे: दिवसाच्या चांगल्या उजेडात या माणसाला २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? पन्नाशीतल्या दुकानदाराला आणि पंचाहत्तरीच्या आबाजींना हा एकच प्रश्न.

तो आला कुठून? डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता केला आणि दूरची नजर आकड्यात मोजता येऊ लागली. १९३० च्या दशकात ब्रिटनने चालकांची परीक्षा सक्तीची केली. तिथे तक्त्याऐवजी २५ यार्डांवरची नंबरप्लेट वाचायला लावत. आपल्या अर्जात यार्डाचा मीटर झाला, एवढंच.

वऱ्हाडात तोवर बंडी होती. हाकणाऱ्याची नजर अधू झाली तरी बैलांना घरची वाट पाठ असे, म्हणून म्हातारपणी शेत सुटत नसे. १९७२ साली लुना आली, मोटारसायकली वाढल्या, आणि पाहण्याचं सगळं काम माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडलं. आज पातूरवरून अकोला–वाशीम–नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. शेतरस्त्याने आलेल्या दुचाकीला त्यावर चढायचं असतं, तेव्हा समोरची पाटी वाचून भागत नाही. उजवीकडून येणारा ट्रक, डावीकडची एसटी, मध्येच आलेलं जनावर, सगळं एका क्षणात ध्यानात यावं लागतं.

कायद्याने मात्र वयच धरलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे लायसन पाच-पाच वर्षांसाठी मिळतं, कमाल वयाची अट नाही. ही अट नाही हे मला योग्यच वाटतं. जन्मतारखेवरून कुणाची नजर कळत नाही.

धोका नेमका कशावरून कळतो, हे दाखवलं ते अमेरिकेतल्या संशोधकांनी. कार्लीन बॉल आणि सिंथिया औस्ली यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये ५५ ते ९० वयाच्या २९४ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर क्षणभर चित्र चमकायचं. मधली वस्तू ओळखायची आणि त्याच वेळी कडेला काय होतं तेही सांगायचं. एका नजरेत टिपता येणारं हे अवधानाचं क्षेत्र ज्यांचं बरंच आकसलं होतं, त्यांच्या नावावर आधीच्या पाच वर्षांत अपघात असण्याची शक्यता सहापट निघाली. तक्त्यावरच्या अक्षरांवरून अपघाताचा असा अंदाज बांधता आला नाही. म्हणजे पंचवीस मीटरवरची पाटी बिनचूक वाचणारा माणूसही चौकात धोक्यात असू शकतो.

औस्ली यांचाच २००२ चा अभ्यास तर आपल्या घराघरातला आहे. मोतीबिंदू झालेल्या २७७ वृद्ध चालकांचा माग त्यांनी काही वर्षं ठेवला. शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचं अपघातांचं प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळपास निम्मं भरलं. या कामाला वऱ्हाडात नवं यंत्र लागत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

चावी काढून घेणं हा मात्र उपाय नव्हे. १९९७ साली अमेरिकेतल्याच न्यू हेवनच्या अभ्यासात गाडी सुटलेल्या वृद्धांमध्ये उदासी वाढलेली आढळली. गाडी सुटली तर दुसरी सोय हवीच. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटी शेताच्या बांधावर थांबत नाही.

परिवहन खात्याने नमुना १-अ मध्ये साठीनंतरच्या चालकांसाठी कडेच्या नजरेची आणि अवधानाची तपासणी घालावी. तोवर घरच्यांनी एवढं करावं: आबाजींच्या लायसनची तारीख जवळ आली की दाखल्याच्या आधी त्यांना नेत्रविभागात न्यावं, आणि मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया पुढच्या हंगामावर ढकलू नये.