गिरणगावाचं केईएम

गिरणगावातली जुनी माणसं सनावळी सांगत नाहीत. 'धाकट्याला केईएमला ठेवला होता त्या पावसात', 'सासूबाई केईएममधून घरी आल्या त्या गणपतीत', अशी त्यांची कालगणना असते. आमच्या लालबागच्या चाळीत तर प्रत्येक बिऱ्हाडाचा एखादा तरी जन्म, एखादं ऑपरेशन आणि एखादा मृत्यू त्या दगडी इमारतीच्या नावावर जमा होता. परळच्या या रुग्णालयाला २०२६ मध्ये शंभर वर्षं झाली. या निमित्ताने अधिष्ठात्यांचा आणि नामवंत शल्यविशारदांचा इतिहास लिहिला जाईल. तो लिहिला जायलाच हवा. मी ऐकत वाढलो तो इतिहास मात्र चाळीच्या गॅलरीत, रात्रीची जेवणं आटोपल्यावर सांगितला जायचा.

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, परळच्या एका गिरणीत त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात होते. मालवणहून मुंबईला आले ते थेट गिरणीतच. कापसाची तूस केसांत, भुवयांवर, कपड्यांच्या शिवणीत घेऊनच ते घरी येत. चाळिशी उलटली आणि त्यांच्या छातीने दगा द्यायला सुरुवात केली. गिरणीतल्या सगळ्यांना वाटलं, टीबी. औषधं झाली, गावाकडचे काढे झाले, देवाला नारळ झाले. शेवटी कुणीतरी त्यांना केईएमच्या ओपीडीत नेऊन बसवलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांना विचारलं, "काका, आठवड्यात कुठल्या वारी जास्त त्रास होतो?"

हा प्रसंग तात्या आयुष्यभर सांगत राहिले. औषध कुठलं दिलं, ते त्यांना कधी आठवलं नाही. हा प्रश्न तेवढा आठवायचा. त्यांनी उत्तर दिलं होतं, "सोमवार इलो काय छाती भरान येता." रविवारच्या सुट्टीत मोकळी झालेली छाती सोमवारी पुन्हा खात्यात पाऊल ठेवलं की आवळायची आणि पुढच्या दिवसांत त्रास थोडा कमी व्हायचा. ही खूण टीबीची नव्हे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही नेमकी खूण आहे आणि सुरुवातीच्या काळात ती क्ष-किरणांत दिसत नाही. माणसाला विचारल्याशिवाय ती सापडत नाही. पुढे मला वाचनात आलं, की केईएमच्या छातीविकार विभागात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा पद्धतशीर अभ्यास केला होता. कानाकोपऱ्यातल्या चाळींत खोकत बसलेल्या माणसांचा त्रास त्या अभ्यासातून वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत पोचला.

त्या प्रश्नामागे एक जुनं भांडण उभं आहे आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं. हिंदी मुलं तिथे शिकत, उत्तम गुणांनी पास होत, विलायतेत जाऊन मोठ्या पदव्याही घेऊन येत. पण प्राध्यापकाची खुर्ची इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेली असे आणि ते अधिकारी बहुतेक इंग्रज असत. लंडनची एम. डी. पदवी घेऊन आलेले डॉ. के. एन. बहादूरजी १८९० च्या दशकात या मक्तेदारीविरुद्ध हिरिरीने बोलले आणि लिहीत राहिले. ते तरुणपणीच गेले, त्यांची मागणी मात्र मागे राहिली नाही. पुढे शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी चौदा लाखांहून अधिक रुपये देऊ केले. त्या देणगीला एक अट होती: इथे शिकवणारे सगळे सरकारी नोकरीबाहेरचे, पात्र हिंदी डॉक्टरच असतील.

महापालिकेने ती अट मान्य केली. सातव्या एडवर्ड राजाच्या स्मारकाचं रुग्णालय आणि गोरधनदासांचं महाविद्यालय एकाच आवारात उभं राहिलं. गेट वे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनीच या इमारतीचाही आराखडा केला. १९२६ मध्ये रुग्णालय सुरू झालं. नाव ब्रिटिश राजाचं, अट हिंदी माणसाच्या मानाची. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. माझ्या मते त्या अटीचं खरं फळ ओपीडीच्या बाकावर मिळालं. रोग्याची भाषा कळणारा, त्याला 'काका' म्हणणारा, त्याचा आठवडा कसा जातो हे विचारणारा डॉक्टर तिथे आला. तात्यांच्या बाबतीत ते घडायला पन्नास वर्षं लागली, पण घडलं.

१९६८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट तात्या आणि आजी दोघंही सांगत, आणि दोघांच्या सांगण्यात फरक असे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारीला केईएममध्ये मानवी हृदयाचं रोपण केलं. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं रोपण केलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. भारतातलं ते पहिलं होतं. रुग्ण काही तासच जगला. तात्या सांगत, पहिली पाळी सुटल्यावर कामगार मुद्दाम वाकडी वाट करून केईएमच्या फाटकावरून गेले. आजीला मात्र एवढंच आठवायचं, की चाळीतल्या बायकांनी त्या अनोळखी माणसासाठी दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली होती. मला दोन्ही खरं वाटतं. यश आलं नाही तरी आपल्या परळात हे घडलं, याचा अभिमान त्या माणसांच्या आवाजात शेवटपर्यंत होता.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली इथेच हर्षा या मुलीचा जन्म झाला. प्रयोगशाळेतलं काम शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेबरोबर झालं होतं आणि शास्त्रीय नोंदींसह झालेला तो देशातला पहिला टेस्ट ट्यूब जन्म मानला जातो. तोवर १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थंडावले होते. कामगार विम्याचा आधार सुटलेल्या कित्येक घरांना त्या वर्षांत केईएमचा केसपेपर तेवढा उरला होता.

आमच्या मजल्यावरच्या एक बाई केईएममध्ये आया होत्या. सगळी चाळ त्यांना मावशी म्हणे. घरी त्या रुग्णालयातलं फारसं बोलत नसत, पण अरुणाचं नाव निघालं की बोलत. अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयाच्याच आवारात तिच्यावर हल्ला झाला आणि तिची शुद्ध हरपली. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षांच्या आसपास, ती चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत होती. तिला ओळखणाऱ्या परिचारिका निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्या मुलींचा तिच्या शुद्धीतल्या दिवसांशी काहीही संबंध नव्हता, तरी त्यांनी तिला आपली मानलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर एक शय्याव्रण नव्हता. तिच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात याची नोंद आहे. तिला मासे आवडतात, याचीही आहे. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. "रोज भरवायचं, रोज पुसायचं, केस विंचरायचे. त्यात काय सांगायचं?" मावशी म्हणायच्या. मला विचाराल तर केईएमच्या शंभर वर्षांतलं सर्वांत मोठं काम हेच. शस्त्रक्रियेचा पराक्रम एका दिवसाचा असतो. इथे चार दशकं, पाळी बदलत, एकाही दिवसाचा खंड न पडता, पगारी नोकर माणसांनी पगारापलीकडचं काहीतरी केलं.

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर जखमी याच फाटकातून आत आले. बाहेरच्या फुटपाथवर आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून मराठवाड्यापर्यंतचे नातेवाईक चटई टाकून झोपतात. शंभरीच्या सोहळ्यात त्यांच्या निवाऱ्याची सोय झाली, तर तो सोहळा खरा. आणि हे रुग्णालय महापालिकेचं राहिलं पाहिजे, गरिबाला परवडणारं राहिलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कसलीही तडजोड नाही.

आणखी एक मागणं वाचकांकडे आहे. मोठ्या डॉक्टरांची नावं संगमरवरावर आहेत. मावशी, वॉर्डबॉय मामा, रात्रपाळीच्या सिस्टर आणि बाकावर बसलेले गिरणी कामगार यांच्या आठवणी कुठेच नाहीत. ती पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि ऐकलेलं लिहून काढा. तारीख त्यांना सांगता आली नाही तरी चालेल, वॉर्डाचा नंबर ते नक्की सांगतील.