सुरीची धार

साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखं काचेआड पाहिली. तिथं काच हवीच. पण घरच्या सुरीचं काय?

मिरजेचे शिकलगार हत्यारं पाजवत. राज्यं गेली, काम आटलं, तेव्हा १९ व्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे घडवायला घेतले. लोखंडावरचा हात भोपळ्यावर बसला!

आमच्या आजोबांची सुरीही हातघडणीची. झिजून पातं बोटभर उरलंय. मुलगा म्हणतो, ‘अब्बा, आता भिंतीवर लावू, संपून जाईल.’ त्याचंही खरं. पण शेजारच्या काकू खंडेनवमीला विळीला हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याला तिच्यावरच भाजी चिरतात.

यंदा बकरी ईदला सुरी कुरुंदाच्या दगडावर घासली. मुलगा बघत होता. दुसरी बाजू त्याला घासायला दिली.