वडापावच्या वयाचा तिरामिसू

तिरामिसू हे नाव ऐकलं की वाटतं, रोमन सम्राटांच्या ताटातलं काहीतरी असणार. प्रत्यक्षात तो आपल्या वडापावच्या वयाचा. दादरला अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास वडापाव विकायला घेतला असं सांगतात. इटलीतल्या त्रेविझो शहरात 'ले बेक्केरिए' रेस्टॉरंटच्या मेनूवर तिरामिसू आला तो १९७२ च्या आसपास.

रेस्टॉरंट तेव्हा कांपेओल कुटुंबाचं होतं. घरात सांगतात ते असं: मालकीणबाई आल्बा बाळंत झाल्या, तेव्हा अंगात ताकद यावी म्हणून सासूबाईंनी त्यांना मास्करपोने चीज कॉफी घालून खाऊ घातलं. पुढे तिथले आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांच्यासोबत आल्बांनी त्याचा गोड पदार्थ केला. लिंग्वानोत्तोंची आठवण निराळी. आइस्क्रीम करताना अंडी-साखरेच्या भांड्यात मास्करपोने चुकून पडलं, म्हणे. पण नाव बाळंतिणीच्या बाजूने साक्ष देतं. 'तिरामेसू' म्हणजे तिथल्या बोलीत 'मला वर ओढ'. आपल्याकडे हेच काम डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करतात.

शेजारच्या फ्रिउलीवाल्यांना हे मान्य नाही. तोल्मेत्सो गावात नोर्मा पिएल्ली १९५० च्या दशकातच तो करत होत्या, असा त्यांचा दावा. २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसू फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत घातला आणि त्रेविझोकडचे नेते खवळले. पन्नासेक वर्षांच्या पदार्थाला 'पारंपरिक' म्हणायचं म्हणजे गंमतच.

मला या भांडणापेक्षा फ्रिज महत्त्वाचा वाटतो. तिरामिसू भाजत नाहीत; रात्रभराच्या गारव्यात मलई घट्ट होते, कॉफी बिस्किटात मुरते, तेव्हा थर धरतात. म्हणजे फ्रिज घरोघरी पोचल्यावरच हा पदार्थ घरचा होऊ शकतो. भारतात स्वतः फ्रिज बनवणारी पहिली देशी कंपनी गोदरेज, साल १९५८. तिचे विक्रोळीचे कारखाने भांडुपपासून दोन स्टेशनांवर. तरी चाळींतल्या स्वयंपाकघरांत फ्रिज यायला पुढे कित्येक वर्षं लागली, आणि ओव्हन तर अजूनही बहुतेक घरांत नाही. म्हणूनच हे इटालियन गोड भांडुपच्या वन रूम किचनमध्ये केकपेक्षा सहज जमतं.

अडतं ते मास्करपोनेपाशी. डब्याची किंमत बघून हात आखडतो. त्याऐवजी चक्का घालणारे बरेच आहेत, पण चक्का आंबट. होतं ते कॉफीचं श्रीखंड. (वाईट लागत नाही, पण ते श्रीखंडच.) त्यापेक्षा अर्धा लिटर क्रीम मंद आचेवर तापवा, उकळू देऊ नका, चमचाभर लिंबाचा रस घाला. जरा दाट झालं की गार करून चक्क्यासारखंच फडक्यात बांधा आणि रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवा. झालं मास्करपोने.

इटालियन बिस्किटांऐवजी बेकरीतला केक रस्क घ्या. तोही दोनदा भाजलेला केकच. कडक, गार कॉफीत तो चहात खारी बुडवतो तेवढाही वेळ ठेवायचा नाही. त्रेविझोत बलक कच्चेच फेटत. मुंबईच्या उकाड्यात ते धाडस नको. साखर घालून वाफेवर दाट होईपर्यंत फेटा, थंड करून मग मास्करपोनेत मिसळा. रम वगैरे मूळ कृतीत नव्हतीच, त्यामुळे आजीलाही वाढता येतं.

रस्क, मलई, परत रस्क, परत मलई. रात्रभर फ्रिजमध्ये. कोको मात्र वाढतानाच भुरभुरायचा, नाहीतर ओला होऊन काळा पडतो.