ख्रिस्तपुराणात काय आहे?

मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या. पण तो ग्रंथ मुळात ख्रिस्ती श्रद्धा सांगण्यासाठी लिहिलेला होता. १६१६ साली गोव्यात राचोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे मना झाली होती; त्यांच्यासाठी या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. एकच निर्माता देव, आदाम-एवेचे पाप, माणूस झालेला देवपुत्र येशू, क्रुसावरचे मरण, तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान, असा त्यांचा गाभा. स्वर्गाला मात्र तो ‘वैकुंठ’ म्हणतो. ज्यांची पुराणे काढून घेतली, त्यांना नवी श्रद्धा समजावताना शब्द त्यांचेच घ्यावे लागले, हे मला फार मोलाचे वाटते.