अम्लपित्त : एका जळजळीचा इतिहास

'पित्त झालंय' हे शब्द आपल्या घरांत किती सहज उच्चारले जातात! छातीतली जळजळ, आंबट ढेकर, घशाशी आलेले कडवट पाणी, सगळ्याला हे एकच नाव पुरते. वैद्यकाला मात्र या जळजळीचे मूळ सापडायला शतके लागली. तो शोध कसा लागला, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि पुढे 'माधवनिदाना'त आढळतो. माधवकराने त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग, म्हणजे वर जाणारे आणि खाली जाणारे, असे दोन प्रकार मानले. आंबट-कडू ढेकर, छातीत व कंठात दाह, अन्नावरची वासना जाणे ही त्याने नोंदलेली लक्षणे आजच्या रुग्णाच्या तोंडची वाटतात. प्राचीन अम्लपित्त आणि आजचा 'रिफ्लक्स' तंतोतंत एक नव्हेत. पण पित्त कोणत्या दिशेने जाते, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच विचारला गेला होता.

युरोपात आधी आम्लाचाच शोध लागला. १८२४ मध्ये विल्यम प्राउट यांनी जठरातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे दाखवले. अमेरिकेत १८२२ साली गोळी लागलेल्या अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिनच्या पोटाला कायमचे छिद्र राहिले. त्यातून डॉ. विल्यम बोमाँट यांनी पचनक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि १८३३ मध्ये ग्रंथ लिहिला. साहजिकच, जळजळ म्हणजे आम्ल जास्त, हा समज सोयीचा ठरला.

तो बदलायला वेळ लागला. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टाईन यांनी जठररसाने अन्ननलिकेला येणारा दाह हा वेगळा विकार म्हणून मांडला. १९५१ मध्ये इंग्लंडचे शल्यविशारद फिलिप अ‍ॅलिसन यांनी 'रिफ्लक्स', म्हणजे उलटा प्रवाह, या शब्दाने त्याचे कारण सांगितले. १९५६ मध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला दाबाचा पट्टा मोजला गेला. आता चित्र स्पष्ट झाले. बहुतेकांत आम्ल नेहमीइतकेच असते. दार नीट मिटत नाही, म्हणून ते नको त्या जागी जाते.

या इतिहासात चुका कबूल करणारेही भेटतात. अन्ननलिकेचे अस्तर बदलते, त्या अवस्थेला नॉर्मन बॅरेट यांचे नाव आहे. १९५० मध्ये त्यांनी तो भाग छातीत ओढले गेलेले जठर मानला होता. १९५७ मध्ये त्यांनी स्वतःच मत बदलले. या बदललेल्या अस्तरातून काही थोड्यांना कर्करोग होऊ शकतो. जुनाट खोकला, बसलेला आवाज, दातांची झीज, बळावलेला दमा यांमागेही कधी हाच उलटा प्रवाह असतो.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आले, १९८८ मध्ये ओमेप्राझोल. दोन्हींनी आम्ल घटते, पण दार दुरुस्त होत नाही. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, वजन आटोक्यात, हे पथ्य आजही लागतेच. आम्हा जैनांचा रात्रिभोजनत्याग अहिंसेसाठी आहे, पोटासाठी नव्हे. तरी जठराला त्याचा लाभ मिळतो.

शेवटी एक घरचे सांगतो. माझ्या वडिलांनी छातीतली कळ पित्त समजून रात्रभर खाण्याचा सोडा पीत काढली. तो हृदयविकाराचा झटका होता, ते गेले. तेव्हापासून दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ ऐकली, की मी होमिओपॅथीच्या गोळ्या बाजूला ठेवतो आणि रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात धाडतो. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच दिसली तर दुर्बिणीच्या तपासणीला पाठवतो. जे अनुभवी शल्यविशारदालाही पहिल्यांदा ओळखता आले नाही, ते आपण घरबसल्या 'पित्त' म्हणून निकालात काढू नये, एवढीच विनंती.